बंद टीव्ही आधी बघा

टीव्ही बंद केल्यावर काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहतो. बारीक बारीक होत जातो आणि मग दिसेनासा होतो. तो जातो कुठं?

लहानपणी मी हे दादाला विचारलं होतं. दादा म्हणजे मिलिंददादा, माझा थोरला भाऊ. सुप्याला पुणे-नगर रोडला त्याचं टीव्हीचं दुकान. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. शाळेत गुरुजींना विचारलं, त्यांनी कान पिळला. (सातवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.) कंपनीचा माणूस दुकानात यायचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, "नवीन मॉडेलमध्ये ठिपका येतच नाही!"

आता दादा नाही. लोक अजून भेटायला येतात. आलेला माणूस आत येऊन बसतो. आई त्याच्याकडं बघून डोळ्याला पदर लावते. चहा येतो. आणि कप खाली ठेवता ठेवता तो म्हणतो, "एकदा काय झालं..." संपलं! मग तो हसतो, आम्ही हसतो, आईसुद्धा हसते, आणि हसता हसताच परत रडायला लागते.

टीव्हीच्या दुकानाचं असंच असतं. गिऱ्हाईक टीव्ही घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. आमचा माल कितीदा तरी संपला, किस्से कधी संपले नाहीत. डोक्यात आहेत तोवर सांगून टाकतो. मला लिहायची सवय नाही, पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला पाहिजे. आजूबाजूच्या गावांत घरोघरी टीव्ही दादानं निवडून दिला, पण आमच्या स्वतःच्या घरात कलर टीव्ही नव्हता! दादानं टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करताना स्वतः जोडलेला एक ब्लॅक अँड व्हाईट होता. पोट सुटल्यासारखी फुगीर काच, लाकडी खोका, वर आईनं विणलेला रुमाल. आई कलर मागायची, वहिनी मागायची, मी तर भांडायचोच. दादाचं उत्तर ठरलेलं.

"थांबा. अजून चांगला येतोय."

*

भागूजी तात्या जवळच्या वाडीचे. म्हशी पाळायचे. डेअरीला दूध घालून, रिकामी किटली हातात घेऊन ते दुकानात शिरले.

"मिलिंदशेठ, कलर टीव्ही दाखव. सगळ्यात भारी!"

दुकानात सगळे टीव्ही चालू होते. फुलं, पोपट, नाचगाणी, नुसता रंगांचा धुरळा. दादा उठला आणि त्यानं एकेक करून सगळे बंद केले.

"आरं, बंद का करतो? मी काय फुकट बघाय आलोय व्हय?"

"तात्या, बंद टीव्ही आधी बघायचा."

"बंद टीव्हीत काय बघू, तुझं कपाळ?"

"आपल्याकडं लाईट असती किती? घरात टीव्ही बंदच जास्त असतोय. मग बंद असताना कसा दिसतोय ते नको बघाय?"

तात्या हसले. पण दादाचं खरं म्हणणं पुढं होतं. बंद टीव्हीची काच नीट बघितली तर कुठली करडी दिसते, कुठली हिरवट, एखादीच काळीभोर. आणि चालू केल्यावरही टीव्हीला आपल्या काचेपेक्षा जास्त काळं होता येत नाही. काच करडी असली की चित्रातली रात्र धुरकट, बायकांचे केस धुरकट, रेडासुद्धा धुरकट.

"रंग कुणीबी दाखवतंय, तात्या," दादा म्हणाला. "काळा दाखवाय दम लागतो."

हे वाक्य मी दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत उठवलं तरी म्हणेन.

तात्यांनी सगळ्या टीव्हींपुढून एक फेरी मारली. एकाच्या काचेवरून हात फिरवला, मागं जाऊन बघितलं, वरून दोन थापा मारल्या.

"व्हय. म्हशीचंबी तसंच हाय. कातडं काळंभोर असलं की जनावर चांगलं. ह्यो दे."

खोका टेम्पोत चढला, तात्याही चढले, आणि परत खाली उतरून दारात आले.

"मिलिंदा, दात बघाय पाहिजे हुते का रं?"

*

आमच्या दुकानाचं तोंड मावळतीकडं. दुपार कलली की ऊन सरळ काचांवर. टीव्हीत टीव्ही कमी आणि रोडवरचे ट्रक जास्त दिसायचे. अशात काळा रंग कसा दाखवणार? दादानं एका धनगराकडून काळी घोंगडी घेतली. ती टीव्हीवर टाकायची, आणि गिऱ्हाइकानं खालून आत डोकं घालायचं. जुने फोटोग्राफर घालायचे ना, तसं.

रोडवरून जाणाऱ्या एसटीतली माणसं माना वळवून बघायची. टीव्हीचं दुकान, आणि आत माणसं वाकून उभी, नुसती पाठमोरी! पुण्याकडची काही मंडळी तर हा काहीतरी औषधाचा वाफारा आहे असं समजून थांबली होती.

एमआयडीसीत नवीन लागलेला सुनील नावाचा पोरगा टीव्ही घ्यायला आला. नुकतं लग्न झालेलं. सोबत बायको, आई आणि मावशी. भाड्याची एक खोली, त्यात ही चौघं. आई आणि मावशी बाकावर बसल्या. दादानं टीव्ही लावला, वर घोंगडी टाकली, आणि नवरा-बायको दोघांनी मिळून आत डोकी घातली.

बराच वेळ झाला.

सुनीलची आई बाकावरून ओरडली, "का गं, काळा चांगला हाय का?"

आतून सुनेचा आवाज, "हाय आई! लई काळा हाय!"

माझं लक्ष वर गेलं. पंखा थांबलेला. म्हणजे लाईट गेली होती, आणि जाऊन चांगलाच वेळ झाला होता! टीव्ही कधीच बंद पडलेला, आणि ही दोघं आत अजून टीव्ही निवडतायत. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादानं माझा दंड धरला.

"गप राज्या. निवडू दे त्यांना."

मग लाईट आली. घोंगडीत एकदम मोठ्यानं जाहिरात सुरू झाली आणि दोन डोकी दचकून बाहेर आली. सुनीलचे कान लालेलाल.

"ह्योच," तो म्हणाला. "ह्योच घेऊ."

त्याची आई कौतुकानं दादाला म्हणाली, "आमचा सुनील कुठलीबी वस्तू घेताना लई बारीक बघतो!"

*

वहिनीनं एकदा बंड केलं.

त्या वेळी बाजारात एक प्लॅस्टिकचा कागद मिळायचा. वरचा पट्टा निळा, मधला नारिंगी, खालचा हिरवा. ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या काचेवर चिकटवला की झाला कलर टीव्ही! वहिनीनं नगरच्या बाजारातून तो आणला आणि दादा घरी यायच्या आत चिकटवून टाकला. आईला पुढं बसवलं.

दादा आला. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, तोंड नारिंगी, साडी हिरवी. बाई जरा खाली वाकली की केससुद्धा नारिंगी व्हायचे.

दादा पायातली चप्पल न काढता बघत उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता चिडणार.

"चांगलाय की," तो म्हणाला. "बाईनं रोज हिरवीच साडी नेसली म्हंजी झालं!"

वहिनी काय ऐकती! "थट्टा नका करू. सगळ्या गावाला कलर देता, आन् आमी काय पाप केलंय? म्हनं थांबा, अजून चांगला येतोय! लग्नाच्या टायमालाबी असंच थांबला असता तर बरं झालं असतं. माझ्यापेक्षा चांगली आली असती!"

आई फिदीफिदी हसायला लागली. दादानं चप्पल काढली, भिंतीला टेकून बसला आणि शांतपणे म्हणाला,

"न्हाई. तू बंद असतानाबी चांगली दिसत हुती."

वहिनी लाजून आत गेली ती भाकरी करपल्यावरच बाहेर आली. आता कुणी हा किस्सा काढला की ती उठून आत जाते. भाकरी असो नसो.

*

दादा विकायला बसलेला माणूस वाटायचाच नाही, याचा मला लई राग यायचा. आमच्या आतेबहिणीचं सासर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडं, डोंगरात. तिच्याकडं आम्ही टीव्ही पोचवायला गेलो. टेम्पो खाली थांबला, पुढं जीप, मग डोक्यावर खोका. घर पार वरच्या अंगाला, म्हणून निदान मुंग्या कमी. मुंग्या म्हणजे चित्र नीट येत नाही तेव्हा काचेवर जे वळवळतं ते.

टीव्ही ओट्यावर ठेवला. समोर भाताची खाचरं, हिरवीगार. घरातले म्हातारबाबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, शेताकडं बघितलं, परत टीव्हीकडं बघितलं.

"हिरवा खोटा हाय," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "ओ बाबा, कंपनीतून सेट होऊन आलाय! जपानी ट्यूब हाय आत!"

"आसंल. पन हिरवा खोटा हाय."

मी अजून बोललो असतो. दादा मात्र टीव्हीपुढं गुडघे टेकून बसला. कलरचं बटण हळूच फिरवलं, मान वळवून खाचराकडं बघितलं, परत फिरवलं.

"आता, बाबा?"

"आजून. त्या बांधाकडचा बघ, नवा लावलाय त्यो."

बहिणीनं आणलेला चहा निवला. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. शेवटी म्हातारबाबा म्हणाले, "हां. आता खरा." आणि डोळे मिटून घेतले. टीव्ही बघण्यात त्यांना काडीचा रस नव्हता!

त्यानंतर दुकानात कुठलाही नवा सेट खोक्यातून काढला की दादा बटणावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायचा. मी एकदा चिडवलं, "काय दादा, झोप लागली का?"

"न्हाई रे," तो म्हणाला. "अकोल्याला गेल्तो."

*

आता हा किस्सा मी कुणालाही सांगताना बसून सांगत नाही, उभा राहतो.

आमच्या गावच्या दूध संस्थेला एका साली चांगले दिवस आले. संस्थेच्या हॉलमध्ये गावासाठी टीव्ही घ्यायचा ठरला. चेअरमन आप्पा. त्यांनी पुण्यातल्या एका हॉटेलात प्रोजेक्शन टीव्ही बघितला होता. कपाटाएवढा! समोर ट्यूबची काच नाही, आतून पडद्यावर प्रकाश मारतो.

"मिलिंदा, तसला आण. शेजारच्या गावानं तोंडात बोट घातलं पाहिजे."

दुसरा दुकानदार असता तर नाचला असता. दादानं नगरहून तो कपाट-टीव्ही फक्त दाखवायला आणवला, आणि शेजारी दुकानातला ट्यूबचा मोठा टीव्ही ठेवला. आप्पा खुर्ची घेऊन बरोब्बर मधोमध बसले. कपाट सुरू झालं. काय चित्र! माणसं खरोखरच्या माणसाएवढी.

"वा! ठरलं. ह्योच."

"आप्पा," दादा म्हणाला, "जरा हितं येता का? भिंतीकडंला."

आप्पा कुरकुरत उठले. कडेला आले. कपाटातलं चित्र एकदम विझल्यासारखं झालं. प्रोजेक्शनचं तसंच असतं, समोरच्याला सगळं आणि कडेच्याला अंधार. शेजारच्या ट्यूबच्या टीव्हीत मात्र कडेनंही नाक-डोळे स्वच्छ.

"मग?" आप्पा म्हणाले. "कडंला कशाला बसायचं? कडंला कोन बसतंय?"

हॉलमध्ये माणसं होती. दादा साधेपणानंच म्हणाला, आवाज न चढवता,

"कडंला आमीच बसतो, आप्पा."

आम्ही वस्तीवरची, बौद्धवाड्यातली माणसं. कुणी आम्हाला कडेला बसा म्हणत नव्हतं, पण आमच्या म्हाताऱ्या माणसांचे पाय हॉलमध्ये शिरले की आपोआप भिंतीकडं वळायचे. सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं कुणी नाही. माझ्या मुठी वळलेल्या. आप्पा वाईट माणूस नव्हता, तो पार ओशाळला.

"आरं, मग तू मधी बस की! कोन नको म्हनतंय? माझ्या शेजारी बस!"

"मी बसंन की," दादा म्हणाला. "पन आप्पा, मी मधी आलो तर माझ्या जागी कडंला दुसरं कोन तरी बसंलच ना? हॉलला कडा हायेतच."

आप्पा कडेलाच उभे राहून कितीतरी वेळ दोन्ही टीव्ही बघत राहिले. मग म्हणाले, "ट्यूबचा ठेव. कपाट परत धाड."

आणि मग जरा वेळानं, "शेजारच्या गावाला म्हनावं, आमचा बारका हाय, पन समद्यांचा हाय!"

हे वाक्य आप्पांनी पुढं भाषणातसुद्धा वापरलं. स्वतःचं म्हणून!

*

पुण्याच्या एका प्रदर्शनात परदेशातला टीव्ही नुसता दाखवायला आणलाय असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. दादा दुकान बंद करून निघाला, मलाही घेतलं. अंधाऱ्या खोलीत सोडत होते, बाहेर ही रांग. आत टायवाला पोरगा सांगत होता, "हे हाय डेफिनेशन आहे. नेहमीच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त रेघा."

पडद्यावर एका म्हातारीचा चेहरा आला. कुठल्या देशाची कोण जाणे. दादानं माझं मनगट घट्ट धरलं.

"राज्या, तिच्या गालावरची लव दिसती रे!"

खोलीतून बाहेर काढलं की दादा परत रांगेत. मी वैतागलो. पुढच्या मांडवात भिंतीला कॅलेंडरसारखा टांगलेला चपटा टीव्ही होता, प्लाझ्मा का काय म्हणत होते, तो बघायला मी एकटाच गेलो. परत आलो तर दादा अजून त्याच म्हातारीपुढं. टायवाला पोरगा आता त्याला ओळखायला लागला होता.

"काका, परत?"

"एक विचारू का? हा जरा बंद करता का?"

"बंद?"

"बंद असताना कसा दिसतोय ते बघायचंय."

पोरगा गोंधळला. त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघं कोपऱ्यात जाऊन इंग्लिशमध्ये बोलले. मग मोठा साहेब आला आणि हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाला,

"सर, बंद आम्ही करू शकतो. पण परत चालू करणारा माणूस जपानचा आहे, आणि तो जेवायला गेलाय!"

दादा इतका हसला की रांगेतली माणसं पण हसायला लागली.

परतीची एसटी धरली. शिक्रापूर गेलं. मी म्हटलं, "दादा, आता तरी घरात एक कलर आणू. कुठलाबी."

"त्या म्हातारीपुढं आपली आई बसव," तो म्हणाला. "आई तसं चित्र बघंल तवा काय करंल? येनार राज्या, आपल्याकडंबी येनार. घरात न्यायचा तर तसलाच न्यायचा. थांबू जरा."

*

मग दादाला पोटाचं दुखणं निघालं. नगरला दाखवलं, पुण्याला दाखवलं. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या. जे आवडतं ते द्या."

जे आवडतं ते! मी घरी आलो, दादाला पुढच्या खोलीत कॉटवर निजवलं, आणि समोर तोच फुगीर काचेचा ब्लॅक अँड व्हाईट. वर आईचा रुमाल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तालुक्याला टीव्ही निवडून देणारा माणूस हे डबडं बघत पडणार?

मी कुणाला विचारलं नाही. दुकान उघडलं आणि टेम्पोत टीव्ही भरायला सुरुवात केली. काळ्याभोर काचेचा, मोठ्या आवाजाचा, आणि नगरहून नुकताच आलेला एकदम सपाट काचेचा. हाय डेफिनेशन नाही तर नाही, पण आहे त्यातला सगळ्यात चांगला माझ्या भावानं स्वतःच्या घरात बघितलाच पाहिजे. घोंगडीसुद्धा घेतली.

सगळे टीव्ही कॉटपुढं ओळीनं मांडले, आमच्या जुन्या टीव्हीच्या शेजारी. दारावर घोंगडी टांगून अंधार केला. तोवर बातमी पसरली होती. भागूजी तात्या किटलीसकट आले. सुनील बायकोला आणि कडेवरच्या पोरीला घेऊन आला. आप्पा आले. आई उंबऱ्यात, वहिनी कॉटच्या पायथ्याशी.

"दादा, तू निवड," मी म्हटलं. "आज थांबायचं न्हाई."

दादा उशीला टेकून बसला. अंगात काही राहिलं नव्हतं, पण डोळे दुकानातलेच.

"लाव."

मी सगळे लावले. एकच चित्र सगळ्यांत, आणि आमच्या जुन्यात तेच बिनरंगाचं. सुनील म्हणाला सपाट. आप्पा म्हणाले सपाट. आई हळूच म्हणाली, "ह्यो सपाट लई ग्वाड दिसतोय रं."

दादानं हात वर केला. "बंद कर."

मी सगळे बंद केले.

"घोंगडी काढ."

घोंगडी काढली. दारातून उजेड आत आला आणि बंद काचा आरशासारख्या झाल्या. दादा सपाट टीव्हीकडं बघत राहिला.

"ह्यात मी एकटाच दिसतोय," तो म्हणाला.

मग त्यानं मान आमच्या जुन्या टीव्हीकडं वळवली. फुगीर काचेत सगळी खोली वाकून आत शिरली होती. वहिनी, उंबऱ्यातली आई, किटली घेतलेले तात्या, पार भिंतीकडं उभा राहिलेला सुनील, त्याच्या कडेवरची पोरगी, आप्पा, कडेला हातात वायर धरलेला मी, आणि मधे बारीकसा दादा.

"ह्यो," दादा म्हणाला.

"आरं, ह्यो तर आपलाच हाय की!" आई म्हणाली.

"व्हय."

तात्या म्हणाले, "दात बघितलं का रं, मिलिंदा?" दादा हसला. पोटात कळ आली तरी हसला.

मग एकेक करून माणसं गेली. आई आणि वहिनी चुलीकडं गेल्या. मी कॉटजवळ जमिनीवर बसलो.

"राज्या. लाव."

मी जुना टीव्ही लावला.

"बंद कर."

बंद केला. काचेच्या मधोमध पांढरा ठिपका राहिला. दादा त्याच्याकडं बघत होता. मला एकदम लहानपण आठवलं. म्हटलं, "दादा, कुठं जातो रे त्यो?"

त्यानं बोट उचलून मला गप केलं. ठिपका बारीक झाला. अजून बारीक झाला. गेला.

"परत," दादा म्हणाला.

मी परत लावला, परत बंद केला. ठिपका आला, गेला.

"परत."

परत लावला, परत बंद केला. ऊन दारातून सरकून भिंतीवर गेलं. दादा म्हणायचा, "परत," आणि मी लावायचो आणि बंद करायचो. त्याचा आवाज बारीक होत गेला. मग नुसते ओठ हलायचे.

मग ओठ हलायचे थांबले. तरी मी टीव्ही लावला, आणि परत एकदा बंद केला.